थोरांच्या रस्त्यानं

सोलर पंप तपासायला कच्छला जायचं ठरलं तेव्हा मला एकाच गोष्टीचा आनंद झाला होता: तिथे फिरायला ड्रायव्हरसकट जीप मिळणार होती. सीताबर्डीच्या चौकात मोटरसायकलसकट आडवी झाल्यापासून मी गाडीला हात लावला नव्हता. पायातली सळई पक्की बसली आहे, असं डॉक्टर म्हणायचे. भीती तिच्याहून पक्की बसली होती. कोणी "आता चालव की" म्हटलं की माझं डोकं सणकायचं, कारण मलाही तेच हवं होतं आणि जमत नव्हतं.

कच्छला पोचलो आणि पहिल्याच सकाळी जीप बंद पडली, ड्रायव्हर ती दुरुस्त करत बसला. गेस्ट हाउसच्या मालकांनी आपली मोटरसायकल पुढे केली. माझ्यासोबत ऑफिसातला एक सहकारी आला होता, बेसा गावचा, सगळे त्याला भाऊच म्हणत; त्याला धड सायकलही येत नव्हती. म्हणजे माळ माझ्याच गळ्यात.

मालक हिंदीत म्हणाले, "सीधे जाइए. मंदिर के आगे थोर ही थोर मिलेंगे. उनसे ज़रा बचके."

भाऊ एकदम गंभीर झाला. त्यानं शर्ट खोचला, कंगवा काढून भांग नीट केला. "ताई, मोठे लोकं येऊन राहिले वाट्टे पाहणीले. तुमी काहून सांगितलं नाही मले? मी चपलीवर आलो ना!"

"मले तरी कोणं सांगितलं?"

थोरांपासून जपून राहायचं, हे मात्र इतक्या वर्षांच्या नोकरीनं आम्हा दोघांना पटलेलंच होतं.

निघालो. गार वाऱ्यानं बोटं आखडली होती, की भीतीनं, कोण जाणे. गाडी रडतखडत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालली होती आणि मागे भाऊ मारुतीचं नाव घेत होता. मंदिर गेलं. पाहणीला आलेलं कोणीच दिसेना. शेवटी भाऊनं एका म्हाताऱ्या मेंढपाळाला अदबीनं विचारलं, "थोर किधर हैं जी?"

म्हाताऱ्यानं हसून काठी चारी दिशांना फिरवली.

तिकडे निवडुंगाला थोर म्हणतात. मी मान वर केली आणि पाहतच राहिले. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर असतो तसा निवडुंग नव्हता तो. माणसाहून उंच, पान म्हणून नाही, एकेका बुडातून शेकडो हिरव्या काटेरी दांड्या सरळ वर निघालेल्या, टोकांशी तांबूस फुलं. दगड, कोरडी माती, आणि टेकड्यांमागून टेकड्या तेच. इतकं सगळं कशावर जगतं, हे मला कळेना. मी हसत होते, डोळेही भरून आले होते. तशीच गाडी सुरू केली, नजर टेकडीवर, आणि पुढचं चाक वाळूत रुतलं.

आडवे झालो. ज्या क्षणाला इतके दिवस घाबरत होते, तो हाच. मी पाय दुखायची वाट पाहत वाळूत पडून राहिले. दुखला नाही. डोक्यावर एक थोर होता, त्याच्या दांड्यांमधून हिवाळ्याचं निळंशार आभाळ दिसत होतं, आणि खालून तो केवढा मोठा वाटत होता! अंगावर काटा आला, टोचलेला नव्हे. मला उठावंसंच वाटेना.

भाऊ पँट झटकत आला. "लागलं का वं ताई? तुमी बसा इथंच. मी पायी जातो, कोणाची जीप भेटते का पाहतो."

मी उठले. हँडल धरून गाडी उभी केली. एक आरसा वाकला होता, तो सरळ केला. पहिली किक वाया गेली, दुसरीला गाडी सुरू झाली.

"बस गा भाऊ."

"अन् पुन्हा पडलो तं?"

"पडलोच ना आता. का झालं?"

तो मागे बसला.