कुसाबाईचा एकच नेम

पेठजवळच्या सागाच्या रानात २००६ साली कॅम्प सुरू झाला. तिथे शहरातले पाहुणे झाडांमधून प्लास्टिकची चकती फेकून साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडायचा खेळ खेळत. कॅम्पवर भाकऱ्या थापणारी कुसाबाई करवंदीच्या जाळीत अडकलेल्या चकत्याही काढून देई.

एकदा काट्यांना वैतागून तिनं चकती तिथूनच भिरकावली. ती दोन सागांमधून गेली आणि खळ्ळकन टोपलीत पडली.

"मावशी, अजून एकदा!" पाहुणे ओरडले.

कुसाबाईला घाम फुटला. आपण टोपलीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, हे तिलाच ठाऊक.

"आता नाय. तव्यावर भाकर हाय, करपल," म्हणत तिनं चुलीकडे धूम ठोकली.

पुन्हा तिनं कधीच चकती फेकली नाही. मॅनेजर मात्र नव्या पाहुण्यांना "या आमच्या चॅम्पियन" असं सांगे, आणि कुसाबाई गंभीरपणे मान डोलवी.