पाणी सोडलं

धुरपदाबाईंच्या वयाला कागदाचा आधार नव्हता. त्या आयुष्याचे दोनच भाग मानत: उकाईचे धरण भरण्याआधीचा आणि नंतरचा.

आधीच्या भागात तापीकाठची काळी जमीन होती, भुईमूग होता, सारंगखेड्याच्या यात्रेला जाणारी बैलगाडी होती. गाव बुडायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने, उखाने, बांधावर उभे राहून ओंजळभर पाणी मातीत ओतले. "आते ह्या वावरवर पानी सोडं," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा मागे वळून पाहिले नाही. मग सुरतेची रेल्वे, गोडादऱ्यातली खोली, लूमचा खडखडाट. उखा तिथेच वारला.

मुलगा योगराज आणि सून जयश्री दोघेही कामावर जात, म्हणून म्हातारी सुरतेतल्याच, तापीच्या पलीकडच्या काठावरच्या वृद्धाश्रमात आली. गेल्या भेटीत माय-लेकांचे वाजले होते. "बापसारखा तूबी एक दिन पानी सोडशी मन्हावर," असे बाईंनी सुनावले, आणि योगराज ताडकन उठून गेला. त्यानंतर तो फिरकला नव्हता.

आश्रमाचा वरचा मजला ज्यांचे कोणी उरले नाही त्यांचा होता. जिन्याने वर गेलेले माणूस परत खाली राहायला आल्याचे बाईंनी पाहिले नव्हते.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरातली ती दुपार. पाऊस नव्हता. आवारातली कुत्री मात्र सकाळपासून कुठे नाहीशी झाली होती. फोन ठेवून आश्रमाचा गुजराती सेवक छगन धावत आला.

"माजी, योगराजभाईनो फोन हतो. पाणी सोडलं, एटलुंच बोला, ने लाइन कट. चालो, उपर!"

बाईंनी खाटेची कड घट्ट धरली.

"सोडं ना शेवटी? माले ठाऊक व्हतं."

"चालो ने, माजी!"

"मी वर जावाव नही. मन्हा पोऱ्या जित्ता शे."

"अरे, जिद्दी डोशी!" म्हातारीच्या हट्टापुढे छगन कळवळला. पलीकडे दोघे जण अंथरुणाला खिळलेले होते. तो आधी त्यांच्याकडे वळला.

बाई भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. वर पावले वाजत होती. मग उंबऱ्याखालून एक तपकिरी जीभ आत आली, सावकाश, आवाज न करता. खाटेचे पाय बुडाले. बाईंनी वाकून हात घातला. बोटांना गाळ लागला. त्यांनी तो नाकाशी नेला. काळ्या मातीचा तो वास सव्वीस वर्षांनी आला होता.

योगराजने कोणते पाणी म्हटले होते, ते आता कळले: उकाईच्या धरणाचे. आणि तुटलेल्या लाइनीत राहिलेले पुढचे वाक्यही आईला न ऐकता कळले: मी निघालो. तो पुलावरून येणार होता, नदीवरून.

इतके दिवस ज्याची वाट पाहिली, त्याच्याच वाटेकडे तोंड करून धुरपदाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या.

"नको येजो रे पोऱ्या," त्या म्हणाल्या. "नको येजो."

बाहेर फाटक वाजले. माणसाने की पाण्याने, ते आतून समजत नव्हते.