धरलंत का?

घागबाई एक प्रश्न विचारल्याशिवाय कधी डबल बेल देत नसत. "धरलंत का?" बेलच्या दोरीवर हात ठेवून त्या गाडीभर नजर टाकत. चौघांनी "हो" म्हटलं तरी पाचव्याकडे बघत राहत. "ओ टोपीवाले, तो मोबाइल खिशात घाला नि दांडा धरा. पडलात तर मोबाइल नाय धरणार तुम्हाला." टोपीवाल्याचा हात वर गेला की मगच दोन ठोके पडत आणि एसटी हलत असे.

आमच्या आगारात कोणत्या गाडीवर कोण जाणार, ही रोजची यादी मी लावते. माझ्या वहीत एक पान मागण्यांचं आहे. कुणाला मुक्कामाची गाडी नको असते, कुणाला अमुक ड्रायव्हर नको असतो. घागबाई बारा वर्षं कंडक्टर होत्या, पण त्यांचं नाव त्या पानावर एकदाही आलं नाही. मी विचारलं तर म्हणत, "चाकं हायत ना गाडीला? मग झालं."

त्यांच्या बाबतीत जे घडलं त्याला कुणी अपघातही म्हटलं नसतं. खेडच्या अलीकडे उतारावर म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हर सावंतांनी करकचून ब्रेक मारला. उतरायला दाराशी उभी असलेली एक म्हातारी पुढे फेकली गेली. घागबाईंनी डाव्या हाताने तिला कवेत घेतलं आणि उजव्या हाताने वरचा दांडा पकडला. दोघींचा भार त्या एका हातावर आला. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही. उलट तीच ओरडली, "अगो बाय, माजी सुकटाची पाटी सांडलीस ना!" घागबाईंनी खाली बसून सगळं सुकट गोळा करून दिलं, डाव्या हाताने. उजवा वर होतच नव्हता.

चमक भरली असेल म्हणून त्यांनी दोन महिने तेल चोळलं, शेक घेतला आणि डाव्या हाताने बेल दिली. डॉक्टरकडे चला, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. शेवटी वेणी घालता येईना, त्या कुशीवर झोपता येईना, तेव्हा मीच रजा टाकून त्यांना रत्नागिरीला घेऊन गेले. तपासण्या झाल्या. खांद्याचे स्नायू हाडाला जिथे चिकटतात तिथून फाटले होते. बारीक भोकं पाडून, दुर्बीण घालून ते परत टाचायचे, असं ऑपरेशन ठरलं.

"डॉक्टर, मी परत गाडीत दांड्याला लोंबकळेन का?" घागबाईंनी विचारलं.

"दुखणं बहुतेक जाईल. केस विंचराल, शांत झोपाल. लोंबकळण्याचं मी आज सांगणार नाही. फाटून दिवस झालेत. टाके घातले तरी जोर किती येईल, ते नंतरच कळेल."

बाहेर आल्यावर मी काळजीत होते. त्या म्हणाल्या, "हा माणूस खोटं नाय बोलत. ह्याच्याकडेच करू."

ऑपरेशननंतर मी वहीत नवं पान काढलं. डावीकडे त्यांना जे जमत नव्हतं ते, उजवीकडे ते जमल्याची तारीख. सहा आठवडे हात झोळीत होता, तोवर उजवी बाजू कोरीच राहिली. मग एकेक तारीख पडू लागली. आधी झोप आली, मग उजव्या हाताने जेवण. वेणीपुढे तारीख पडली त्या दिवशी त्या अबोली माळून आल्या आणि उगाचच चार वेळा माझ्या टेबलापुढून गेल्या. शेवटच्या दोन ओळी होत्या बेलची दोरी आणि दांडा.

व्यायामाला त्यांनी माझ्या ऑफिसातली दारामागची भिंत निवडली. बोटं भिंतीवर हळूहळू वर चढवायची आणि पोचतील तिथे मी पेन्सिलने खूण करायची, दर सोमवारी. सावंत दारातून डोकावून म्हणायचे, "घागबाई, पाल झालात काय?"

"पाल पडत नाय रे सावंता. तू तुझे ब्रेक सांभाळ."

सावंत हसायचे, पण दर सोमवारी खूण कुठवर गेली ते बघून मगच गाडी काढायचे.

सात महिन्यांनी डॉक्टरांनी हात वर करायला सांगितलं. हात सरळ कानाला लागला. कामावर रुजू व्हायला हरकत नाही, असा कागद मिळाला. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "आता घाल माझं नाव त्या मागण्यांच्या पानावर. मला गाडीवर टाक." ती त्यांची पहिली मागणी. मी दुसऱ्या दिवशीची यादी लिहिली : खेड, सावंत, घाग.

सकाळी त्या तासभर आधी आल्या. बेलची दोरी उजव्या हाताने ओढून बघितली. दोन ठोके खणखणीत पडले. मग सावंतांना म्हणाल्या, "आता रिकामी गाडी आवारात फिरव, नि मधेच ब्रेक मार. म्हैस आली असं समज."

"मला नाय जमायचं ते, बाई."

"मग माणसं भरून बघू काय?"

सावंतांनी गाडी काढली. मी पुढच्या बाकावर होते. घागबाई दाराशी, उजवा हात वरच्या दांड्यावर. पहिला ब्रेक अगदी हलका बसला. "म्हैस रे, उंदीर नव्हे!" दुसरा बसला तशी त्यांची बोटं दांड्यावरून उघडली आणि त्या धप्पकन बाकावर आदळल्या. सावंत इंजिन बंद करून मागे धावले.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाय गो. अजिबात नाय दुखलं. सुटला." त्या हाताकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "माझं मागणं खोड. दाराशी कुणी म्हातारी असली तर?"

मी यादीतलं नाव खोडून दुसरं लिहिलं. इतक्या वर्षांत असंख्य नावं खोडली, त्या दिवशी मात्र रेघ वाकडी आली. "मग ऑपरेशन फुकट गेलं म्हणायचं," मी पुटपुटले. त्या भडकल्याच. "फुकट? माझी वेणी कोण घालतंय? रात्री झोपतंय कोण? तुझ्या वहीत नीट लिही. हात पोचतो. भार घेत नाही. दोन्ही लिही."

पुढची चार वर्षं त्या चौकशीच्या खिडकीत बसल्या. गाडी फलाटाला लागली की माइकवरून गावांची नावं सांगत आणि शेवटी म्हणत, "धरून उभे राहा." दरम्यान खांदा दुखावलेल्या आगारातल्या दोघांनी मला ह्या ऑपरेशनबद्दल विचारलं. मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. बेलच्या दोरीपुढे तारीख आहे, दांड्यापुढची जागा कोरी आहे. घागबाईंनी ती भरू दिली नाही.

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. हार, नारळ, भाषणं उरकून संध्याकाळच्या गाडीने गावी निघाल्या, तिकीट काढून, खिडकीजवळ बसून. गाडीवर नवीन कंडक्टर दळवीबाई होत्या. त्यांनी दोरीवर हात ठेवला. तेवढ्यात खिडकीतून ओळखीचा आवाज आला, "धरलंत का?"

दळवीबाईंचा हात दोरीवरच थांबला. उभ्या माणसांचे हात एकेक करून दांड्याकडे गेले. मी फलाटावरून मोजत होते. शेवटचा हात वर गेला आणि मग दोन ठोके पडले.