गरम गाडीचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही मला माझ्याच सहीची लाज वाटते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत एका ठाण्याला उपनिरीक्षक होते. नावं कुणाची सांगत नाही. ती माणसं अजून बाजारात भेटतात.

मार्च महिना, भर दुपार. हळदीचा हंगाम जोरात. एका अडत्याची जुनी पेट्रोल मोटार मार्केट यार्डात शिरली आणि थांबायच्या ऐवजी सुसाट सुटली. गोदामासमोर हळद निवडत बसलेली एक बाई जागीच गेली. गाडी भिंतीला धडकली तेव्हा कुठे बंद पडली. बाईच्या पदरात निवडलेली हळकुंडं तशीच होती. पंचनाम्यात मी तीही लिहिली.

ड्रायव्हर पलूसकडचा, फौजेतनं ट्रक चालवून निवृत्त झालेला. फौजेतला माणूस म्हटल्यावर गर्दीनं निकाल लावूनच टाकला. "फौजेच्या कोट्याची दारू मारली असंल सकाळी सकाळी!" एकानं म्हणायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत सगळ्या सांगलीनं ती बाटली डोळ्यांनी पाहिली होती. डॉक्टरांनी तपासून दारू नाही असं लिहून दिलं. पण डॉक्टरांचा कागद वाचतो कोण?

चौकशीत तो एकच सांगे. "बाईसाहेब, म्या पाय काढला, तरी गाडी पळतच हुती."

"पाय काढला, का ब्रेक समजून दुसरंच दाबलंस?"

"तीस वर्सं चालवतोय. पाय चुकत न्हाई माझा."

"मग किल्ली का नाही फिरवलीस?"

"समोर बाई बसल्याली दिसली. दोन्ही पाय ब्रेकवर गेलं. हाताला काय सुचतंय व्हय तवा?"

तीन दिवस मी त्याला तेच तेच विचारलं. आता नोकरीत शिकलेली एक गोष्ट सांगते. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला आपली गोष्ट थोडी सुधारून आणतो. ह्याची गोष्ट होती तशीच, आडमुठी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मोटार वाहन निरीक्षकांचा दाखला आला, की ॲक्सिलरेटर मोकळा, ब्रेक चालू, वाहनात यांत्रिक दोष नाही. मी त्याखाली सही केली. दोष गाडीत नाही म्हणजे माणसात. निष्काळजीपणानं मृत्यू, कलम ठरलेलं. कागद पुढं पाठवायला तयार झाले.

तेवढ्यात एक म्हातारी ठाण्यात आली. मेलेल्या बाईच्या शेजारी बसून हळद निवडणारी. ठाणे अंमलदाराला ती काही सांगेना. "बायमाणसाला सांगायचं हाय," म्हणून दारातच बसून राहिली. मी तिला आत घेतलं, चहा दिला.

"आवं बाई, त्यो डायवर सीटवरनं उठून उभाच राहिल्याला हुता ब्रेकवर. तोंडानं वरडत हुता, सरा सरा म्हणून. दारू पिल्याला माणूस आसा वरडंल व्हय? माझी मैतरीण गेली, मला त्याचं भलं करायचं न्हाई. पण जे बघितलं ते बघितलं. आन् गाडी कोयनेवरनं आलीती, मालकाची पावणी घिऊन. बोनेट लय तापल्यालं. भितीवर आपटली तवा हात लावला म्या, चटका बसला."

चटका! मी तिथंच कपाळावर हात मारून घेतला. आमची पद्धत अशी, की जप्त केलेली गाडी चालवायची नाही. शिपायांनी ढकलत आणायची आणि आवारात लावायची. तपासणी झाली ती तीन दिवस झाडाखाली निवांत उभ्या असलेल्या गाडीची. म्हणजे तापात बरळणाऱ्या माणसाला ताप उतरल्यावर तपासलं आणि ठणठणीत म्हणून लिहून दिलं!

वरिष्ठ म्हणाले, "दाखला आलाय, कशाला उकरताय?" मी म्हटलं, साहेब, एकदाच. परवानगी काढली, पुढच्या भागाची डागडुजी करून गाडी चालती केली. माधवनगरचा एक जुना मेकॅनिक, दाखला देणारे निरीक्षक साहेब, दोन पंच, मालक आणि बेडी घातलेला ड्रायव्हर असे सगळे मोकळ्या रस्त्यावर गेलो. मेकॅनिकनं तासभर गाडी पळवली. मग उभी केली, न्यूट्रलमध्ये टाकून ॲक्सिलरेटर दाबला आणि पाय काढला.

इंजिन ओरडतच राहिलं. "ह्या जोरापुढं जुना ब्रेक पुरा पडत न्हाई," मेकॅनिक म्हणाला.

मेकॅनिकनं किल्ली फिरवली, बोनेट उघडून एअर फिल्टरचं भांडं बाजूला काढलं. ॲक्सिलरेटर मागं खेचणारी स्प्रिंगच तिथं नव्हती. तिच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली, उष्णतेनं लोळागोळा. अर्ध्या तासानं गाडी निवली, तशी पट्टी परत आवळली आणि पेडल नव्यासारखं वर आलं. अहो, कुकरची जुनी रिंग गरम झाली की सैल पडते आणि गार पाण्यात टाकली की ताठते, हे मला रोज स्वयंपाकघरात दिसत होतं!

"ही कुणी बांधली?" मी मालकाला विचारलं.

"गॅरेजवाल्यानं बांधली असेल."

मेकॅनिक भडकला. "कुठल्या गॅरेजवाल्यानं? आमच्या धंद्यातलं कुणी असली कामं करत न्हाई!"

आमचे हवालदार ड्रायव्हरच्या कानाशी लागले. मला ऐकू आलं. "सुटलास गड्या. आता तोंड मिटून उभा ऱ्हा."

तो पट्टीकडं बघत होता. मग म्हणाला, "बाईसाहेब, म्याच बांधलीया ती. दिवाळीत घाटात स्प्रिंग तुटली. संगं मालकाची बायकापोरं हुती, अंधार पडायला लागल्याला. ट्यूब कापली, बांधली, समद्यांस्नी घरी आणलं. मालकानं पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी नवी स्प्रिंग घालायची हुती. पर गाडी बरी चालत हुती. इसरलो."

हवालदारांनी मान फिरवली.

मी पुरवणी अहवाल लिहिला, आधीच्या दाखल्यावरची माझी चूकही त्यात कबूल केली. खटला चालला, त्याला काही महिन्यांची सजा झाली. माझ्या मनाला ते लागलं. खोदलं नसतं तरी सजा झालीच असती, खोदून तरी मी त्याला काय दिलं, असं वाटे.

सुटून आल्यावर तो भेटायला आला, ठाण्याच्या पायरीवर बसला. मी म्हटलं, "माझ्यावर राग नाही ना रे?"

"कशाला राग? माझ्या हातनं झालं त्याची सजा भोगली. न पिलेल्या दारूची भोगली असती, तर गावात तोंड दाखवाय आलो नसतो."

लोक मला अजून विचारतात, अशा अपघातात दोष गाडीचा की माणसाचा? मी एवढंच सांगते, की ताबडतोब उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी एकदा दिलं होतं, सहीशिक्क्यानिशी.