खालून घेतो

१९८१ साल. मी एकतीस वर्षांचा होतो आणि तीर्थपुरीत लाऊडस्पीकरचा धंदा नुकताच टाकला होता. एका लग्नात कढईपाशी उभा असलेला आचारी हातातल्या झाऱ्यासकट माझ्याकडं आला. म्हणाला, "भाऊ, माइक द्या जरा. पंगत गुमसुम जेवून राह्यली." मी दिला. त्यानं गाणं इतक्या वर धरलं की दुसऱ्या ओळीला आवाज फाटला अन् तिसरीला संपलाच. मग घसा खाकरून, बिलकुल न लाजता, माइकमध्येच म्हणाला, "थांबा. खालून घेतो." पंगतीत एकाच्या नाकातून मठ्ठा बाहेर आला.

तेव्हापासून तो बुलबुल आचारी. खरं नाव राशनकार्डावरच राहिलं.

खालून घेतो म्हणायचा, पण दुसऱ्यांदाही तेवढ्याच वर धरायचा. लोक पोट धरून हसायचे. त्याला राग यायचा नाही. "माणूस हसत जेवला की दोन पुऱ्या जास्ती खातो, भाऊ. नाव माझ्या हाताचं होतं." मला वाटायचं, ह्याला काही कळत नाही. मी चौथी नापास, पण दुसऱ्याला येडं समजायला कुठं शाळा लागते!

त्याचं गाणं मी टेपवर भरून घेतलं. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं भोंग्यावर लावायचो. गर्दी व्हायची, लग्नं ठरवायला लोक माझ्याकडंच यायचे. ती कॅसेट पार जालन्याच्या मस्तगडापर्यंत गेली. पोरं रस्त्यात त्याच्या शकूला चिडवायची, "ए, खालून घे!" आईविना वाढलेली पोरगी, खाली मान घालून जायची. ते मी दुकानात बसून बघितलेलं आहे.

शकूचं लग्न आष्टीला ठरलं. बुलबुल दुकानात आला आणि पहिल्यांदाच बसायला मागेपुढे करू लागला.

"भाऊ, शकूचं मंगलाष्टक मी म्हणणार हाय. भाजीतलं मीठ मला नुसत्या वासावर कळतं. गाण्यातलं कळत न्हाई, ठावं हाय मला. म्हणून महिना झाला, रोज म्हणून राह्यलो. तेवढ्या एका दिवशी कोणी हसू नये. तुम्ही बघा."

मी म्हटलं, "मी हाय ना!"

आमच्याकडं भटजींचं झालं की मामा, आत्या, ज्याला हौस असेल तो माइक धरतो आणि घरातल्यांची नावं गुंफून स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणतो. बुलबुल नवी टोपी घालून पुढं आला. हातात कागद होता. तेवढ्यात वऱ्हाडातून कोणीतरी ओरडलं, "आचारी, खालून घ्या!" मंडप हसायला लागला. भोंग्यावर मोठ्या अक्षरात माझं नाव रंगवलेलं होतं. त्यानं तोंड उघडायच्या आत मी वाकलो आणि माइकची वायर ओढली.

त्यानं मंगलाष्टक म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं खालून धरलं होतं. मी चार हातांवर होतो, म्हणून मला ऐकू आलं. सूर काही फार गोड नव्हता, पण फाटला नाही. त्यात शकूच्या गेलेल्या आईचं नाव होतं. बाकी मंडपात नुसता गलका. दर कडव्याला तो वर भोंग्याकडं बघायचा आणि पुन्हा कागदाकडं. शेवटपर्यंत म्हटलं. अक्षता पडल्या.

लोकांनी हसू नये म्हणून वायर ओढली, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. भोंग्यावरच्या माझ्या नावाला लोक हसतील, याची मला लाज वाटली.

वाढणं उरकल्यावर तो आला. "भाऊ, वायर सुटली व्हती का?"

"सुटली आसंल."

"मंग ठीक. मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं."

त्यानंतर त्यानं माइक हातात घेतला नाही. कोणी आग्रह केला की हसून म्हणायचा, "नको. वायर सुटंल." माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. मीही कधी माफी मागितली नाही. ताठ मान मला बापाकडून मिळाली, आणि ती मी फार जपली.

दोन हजार चारला तो गेला. तेरावं झाल्यावर सासरी परतताना शकू दुकानात आली.

"काका, माझ्या लग्नाची टेप तुम्ही भरली व्हती. तेवढी द्या. अंतरपाटाआड मला काहीच ऐकू आलं न्हाई. आबांची हसायची टेप लोकांकडं हाय. ती नको मला."

माइकची वायर काढली की भोंगा मुका आणि टेपही मुकी. तिथं नुसती खरखर होती. मी म्हटलं, "बुरशी लागून गेली, पोरी."

"आसू द्या, काका," म्हणाली. चहा अर्धा ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं मी आष्टीला गेलो. शकूला, तिच्या नवऱ्याला, सासूला ओसरीवर बोलावलं. टोपी काढून सांगितलं, "वायर सुटली नव्हती. मी ओढली. तुझा बाप त्या दिवशी बराबर म्हणला व्हता." मग तिथंच उभं राहून, आठवत होतं तेवढं ते मंगलाष्टक म्हणायला लागलो. पहिल्याच ओळीला आवाज फाटला. शकूचा धाकटा दीर हसला. मी त्याला हसू दिलं, घसा खाकरला, आणि खालून घेतलं.