हजारावरचा एक रुपया

सुरुवातीलाच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. वेलांटी पहिली की दुसरी हे मला चौथीतही नीट कळत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पेन धरला की बोटं आखडतात. ही वही लेकीची आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची. मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घाला. बाकी जे लिहिलंय त्याची माफी मागणार नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई मला आवडत नाहीत. त्यांना मी आक्का म्हणते. आमच्या दोन अंगणांमध्ये फक्त एक भिंत, तीही डोक्याएवढीच, त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडं पडलं तरी मला कळतं. बावीस वर्षं झाली. हे मी तोंडाने कधी बोलले नव्हते.

मी मूळची पाटणच्या वरच्या अंगाची. लग्न होऊन तासगावकडे आले तेव्हा माझं बोलणं ऐकून आक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. ‘डोंगराकडची’ हे नाव त्यांनीच ठेवलं. मी मुळात थोडकं बोलायची, मग तेही कमी केलं. चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की माझ्या कानशिलात आग होते. हळदीकुंकवात नाव घ्यायला लावतात म्हणून मी दोन वर्षं पोटदुखीचं सोंग केलं होतं.

बेदाण्याच्या शेडवर मी रोजाने जाते. काड्या काढायच्या, काळे मणी बाजूला करायचे. दिवसभर बोटं चिकट आणि नाकात गंधकाच्या धुरीचा वास. फेब्रुवारीत एका रविवारी लेक सांगलीहून आली, मला डबा घेऊन शेडवर आली आणि तिने मोबाइलवर एक गाणं लावलं. गाणारी एक तरुण पोरगी. सोबत नुसती गिटार. शेवटची एसटी चुकलेली बाई चप्पल हातात घेऊन घाट चढते आणि वाटभर त्या तुटक्या चपलेशी भांडते, असं ते गाणं. त्यात ‘हाय’, ‘न्हाई’, ‘कवा’ सगळं जसंच्या तसं. माझी आई बोलायची तसं. माझा हात थांबला.

मुकादमीण ओरडली, “झोपलीस व्हय गं?”

लेक म्हणाली, “आई, ही पाटणकडचीच हाय. गाणी सोताच लिहिती.”

मेमध्ये सांगलीत तीन दिवस अशा गाण्यांचा मेळा आहे, हेही लेकीनेच सांगितलं. सिनेमातली गाणी नाहीत, डीजे नाही. आपली आपण लिहिलेली गाणी म्हणणारी पोरंपोरी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाटणची पोरगी गाणार. एका दिवसाचा पास हजार रुपये, मेळ्याला पंधरा दिवस उरले की पंधराशे. लेकीला शिकणाऱ्यांसाठीचा स्वस्तातला पास मिळाला होता.

माझ्या आयुष्यात मी स्वतःसाठी कधी हजार रुपये एकदम खर्च केले नाहीत. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “तुझं पैसं हायत, जा की.” मग मी रोज मनात सांगलीला जायला लागले. कुठली साडी नेसायची ते ठरलं, हिरवी. कुठे उभं राहायचं तेही ठरलं, अगदी मागे. सगळ्यांची तोंडं स्टेजकडे असणार, माझ्याकडे कोण बघतंय? आणि ती पोरगी हजारो माणसांसमोर माइकवर ‘न्हाई’ म्हणणार आणि कुणी पदर तोंडाला लावणार नाही. हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

पण पैसे पोचवायचे कसे? माझा फोन बटणांचा. आमच्यात रीत अशी पडलेली, रोख आक्कांच्या हातात द्यायची आणि त्यांनी त्यांच्या मोठ्या फोनवरून लेकीला पाठवायची. मेसचे पैसे असेच जातात. एप्रिलातल्या एका गुरुवारी मी पाचशेच्या दोन नोटा त्यांना दिल्या आणि कशासाठी तेही सांगितलं. तिथेच चुकले.

“गाणी ऐकायला हजार रुपये?” त्या म्हणाल्या. “आगं, त्यात साडी येती. बरं ऱ्हाऊ दे. आत्ता रेंज न्हाई, उद्या पाठवते.”

शुक्रवारी मलकापूरला आक्कांच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. मला आहेर करायचा नव्हता, आणि त्याला कारण होतं. आमच्या घराच्या वास्तुशांतीला हा भाऊ आला, चार वेळा श्रीखंड मागून घेतलं आणि जाताना खण-नारळ टेकवून गेला. म्हणून मीही खण-नारळच नेला होता. फिटंफाट.

आमच्याकडे आहेर माइकवर पुकारतात. जेवणं चालू असतात, मंडपात कुणी ऐकत नसतं, पण ज्याचं नाव येतं त्याला मात्र बरोबर ऐकू येतं. मी बायकांच्या पंगतीत कोपऱ्यात बसले होते. भाताचा घास हातात होता आणि भोंग्यातून माझं नाव आलं. नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. एक हजार एक रुपये. मग पुकारणाऱ्याला अक्षर लागलं नसावं, त्याने तेच पुन्हा एकदा मोठ्याने म्हटलं. शेजारची बाई म्हणाली, “तुमीच न्हवं का? दिलदार हायसा.”

घास खाली ठेवला. आक्का वाढायला फिरत होत्या, त्यांना मी हाताने बोलावलं.

“माझं पैसं?”

“तुझीच इज्जत राखली, धाकले. समद्या जावा आहेर करत्यात आन् तू नारळ घिऊन आलीस. माझ्या म्हायरात माझी मान खाली जाती. वरचा रुपया मी माझा घातला, ते बघ की.”

“आवं आक्का, तिकिटाचं पैसं हुतं ते.”

“तिकीट काय, कवाबी निघंल. लगीन परत हुणार हाय व्हय?” आणि जिलबीचं ताट घेऊन त्या पुढच्या पंगतीकडे गेल्या.

एरवी मी गप्प बसले असते. लुगडं, पितळी घागर, सासूबाईंची जोडवी, आक्कांनी एकेक करून नेलं तेव्हा गप्प बसलेच होते. पण रविवारी सकाळी मी भिंतीपाशी उभी राहिले आणि म्हणाले, “आक्का, माझं हजार रुपयं द्या.” गल्लीतल्या दोघी ऐकत होत्या, तरी बोलले.

आक्कांनी गल्लीकडे तोंड केलं. “ऐका गं! हिला गाण्याला जायचंय. घरात कॉलेजची पोर हाय आन् ही नाचाय निघाली डोंगराकडची!”

त्या दोघी हसल्या. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितले. तिसऱ्या दिवशीही. रोज, भांडी घासून झाली की, तेच वाक्य. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, म्या देतो.” मी म्हणाले, तुमचे नकोत. मला ते हजार हवे होते. आठ दिवसांनी आक्कांनी पाचशेची एक नोट भिंतीवरून टाकली. ती माझ्या अंगणातल्या चुलीजवळच्या राखेत पडली. “घे. भिकारणीवानी रोज नगं.” मी नोट झटकली आणि म्हणाले, “पाचशे ऱ्हायलं.”

त्यानंतर आक्का उरलेल्या पाचशेचं नाव काढेनात. मेळ्याला अठरा दिवस उरले, मग सतरा. लेकीचा फोन, “आई, परवा रेट वाढणार.” मी शेडवर काळे मणी पिवळ्यांत टाकायला लागले, मुकादमिणीने दोनदा झापलं.

सुटका केली ती आक्कांच्या गव्हाने. दर उन्हाळ्यात त्या कुरडया करतात आणि डबे भरून पुण्याला सुनेकडे पाठवतात. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिजवायचा. शिजवताना तो हाटायचा असतो, जोर लावून, न थांबता, नाहीतर गुठळ्या होतात. आक्कांचा खांदा धरलेला आहे. बावीस वर्षं त्यांचा चीक मीच हाटलाय आणि सोऱ्या त्या फिरवतात. मला विचारायचीही पद्धत नाही, मी जायचंच.

रेट वाढायच्या आदल्या दिवशीच त्यांचा चीक शिजायचा होता. मी गेले नाही. उजाडलं. भिंतीपलीकडे आधणाचं पाणी उकळलेलं ऐकू येत होतं. आंबूस वास इकडेपर्यंत. आज ऊन चुकलं की चीक जास्त आंबणार आणि कुरडया काळ्या पडणार.

“धाकले! आगं कुटं मेलीस? पाणी आटाय लागलं!”

मी अंगणात केस विंचरत होते. “पाचशे ऱ्हायलं, आक्का.”

मग शिव्या आल्या. माझ्या आईला, पाटणला, सांगलीला, त्या गाणाऱ्या पोरीला. मी वेणी घातली. पाण्याचा आवाज बारीक झाला. शेवटी त्या म्हणाल्या, “ये. देते.”

राखेतली नोट मी डब्यातून काढली आणि गेले. ती त्यांच्यापुढे धरली. “ह्यात तुमचं पाचशे घाला आन् समदं हजार लेकीला पाठवा. आत्ता. माझ्याम्होरं.”

त्यांचे हात कोपरापर्यंत चिकाने भरलेले. पदराला पुसले, फोन उचलला, बोट चालेना, पुन्हा पुसलं. रेंज होती. पाच मिनिटांत माझा फोन वाजला. लेक म्हणाली, “आलं आई, निम्मं न्हाई, समदं. पास काढला बघ.”

मग मी पदर खोचला आणि चीक हाटला. एक गुठळी होऊ दिली नाही. कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्या. शेवटची कुरडई बाजेवरच्या धोतरावर पडली तेव्हा मी कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढला आणि त्यांच्या सोऱ्याशेजारी ठेवला.

“ह्यो कशाचा?” त्यांनी विचारलं.

“आहेरात वरचा घातला हुता न्हवं, त्यो.”

त्यांनी तो बराच वेळ तसाच राहू दिला. ऊन वर आल्यावर उचलला आणि कनवटीला लावला.