शेंदूर लावणारा भुजंग

भुजंगने ब्रह्मचर्याचं व्रत कधीच घेतलं नव्हतं. त्याला मुलगी मिळाली नाही, एवढीच गोष्ट. शेती करणाऱ्याला आता कोण मुलगी देतं? झरीच्या अलीकडच्या आमच्या गावात असे कितीतरी जण आहेत. पण आमच्या मारुतीला शेंदूर लावायचा तो बिनलग्नाच्या माणसानंच. आधीचे म्हातारबा वारले आणि ते काम चाळिशीतल्या भुजंगकडे आलं. वर्षभरात त्याचा भुजंगमहाराज झाला. बाया त्याला पाहून पदर सावरू लागल्या, पोरं परीक्षेला जाताना पाया पडू लागली. स्थळ सुचवायचं तर लोकांनी सोडूनच दिलं. मी शेजारी. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याच्या भाकरी थापण्याचा आवाज येतो. बोलण्याचा कधीच नाही.

सेलूला कापूस घेऊन गेला की तो जिनिंगजवळ त्रिवेणीच्या खानावळीत जेवायचा. त्रिवेणी विधवा. गिऱ्हाईक कमी असलं की समोर बसून बोलायची. एकदा तिनं सरळ विचारलं, "घरी कोन हाय तुमच्या?"

"कोनी न्हाई."

"मंग भावाला पाठवू का, बोलणी करायला?"

भुजंग हो म्हणाला. मला हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते. त्यानं घराला रंग दिला, दोन नवी ताटं आणली.

तिचे भाऊ माणिकराव एसटीतून उतरले आणि पारावर चौकशी करू लागले. आमचे लोक अभिमानानं फुगले. "लय मोठा मानूस. बाईकडं मान वर करून बगत न्हाई. जन्माचा ब्रह्मचारी हाय." कुणाच्या मनात वाईट नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग येतो.

मी चहाला दूध घेऊन भुजंगकडे गेलो होतो. माणिकराव आले, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि थेट त्याचे पाय धरले.

"माफी करा महाराज. बहिणीला ठावं नव्हतं. लग्नाचं बोलून बसली."

भुजंगचे ओठ हलले. पण समोर वाकलेलं डोकं पाहून त्याचा हात सवयीनं वर गेला आणि आशीर्वाद देऊन बसला.

मीच म्हणालो, "आवो, त्याला करायचंय लग्न."

"महाराजांची चेष्टा करू नका," माणिकराव मला म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

कापूस घेऊन तो अजून सेलूला जातो. त्रिवेणी त्याला सगळ्यांच्या आधी वाढते, पैसे घेत नाही आणि डोक्यावर पदर घेऊन लांब उभी राहते. भुजंग आता खरोखरच मान वर करून बघत नाही.